तो रोहू माझा होता

यंदा थंडी उशिरा आली, पण आली ती एकदम. भोरच्या बाजारात कानटोप्यांचे ढीग लागले, सकाळच्या पुणे गाडीच्या काचा आतून धुरकटू लागल्या, आणि लॅबमध्ये रक्त द्यायला येणाऱ्या म्हाताऱ्यांच्या शिरा सापडेनाशा झाल्या. गारठ्यात शिरा आत दडून बसतात. मी इथल्या एका लहानशा लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. सतरा वर्षं झाली. लोक म्हणतात, ताई, तुमचा हात हलका आहे. मी हसते. हात हलका कुठं झाला, हे सांगत बसत नाही.

त्याच आठवड्यात एसटी स्टँडसमोर माझ्या भावाचा फ्लेक्स लागला.

सिद्धार्थ, आमचा सिद्धू, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. जमिनीचे व्यवहार करतो, गळ्यात साखळी, आता पंचायत समितीला उभं राहायचं डोक्यात आहे. वाढदिवसाला, जयंतीला, दहावीच्या निकालाला त्याचे फ्लेक्स लागतातच. मी त्यांच्याखालून रोज जाते आणि वर बघत नाही. पण या वेळी बघितलं. धरणावर गळाच्या मासेमारीची स्पर्धा भरणार होती. हलकी काठी, बारीक दोरी, काठावर उभं राहून. उद्घाटनाला सिद्धू. हात जोडलेला त्याचा मोठा फोटो, आणि कोपऱ्यात दुसरा, जुना, रंग उडालेला. त्यात वीस-बावीस वर्षांपूर्वीचा सिद्धू दोन्ही हातांवर एक रोहू आडवा घेऊन उभा आहे. खाली लिहिलंय, 'बारीक दोरीचा बादशहा'. फोटोच्या डाव्या कडेला निळ्या स्वेटरचं एक कोपर दिसतं. बाकीचं माणूस कापून टाकलंय.

ते कोपर माझं आहे. रोहूही माझा आहे.

मी तिथंच उभी राहिले. मागून रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला तरी हलले नाही. इतका राग आला की थंडी वाजायची थांबली.

डिसेंबरातला भाटघर धरणाचा फुगवटा मला डोळे मिटून दाखवता येईल. पावसाळ्यातलं गढूळ पाणी निवळून हिरवं झालेलं असतं. सकाळी त्यावर धुकं इतकं जड बसतं की पलीकडचा डोंगर नसतोच. फक्त कोंबड्याचा आवाज येतो, पाण्यावरून, कुठल्या तरी न दिसणाऱ्या वाडीतून. भाताची कापणी झालेली. काठच्या खाचरांत नुसते बुडखे, पायाला टोचणारे. बांधावरच्या पावट्याला फुलं, आणि त्याचा तो हिरवट उग्र वास हाताला दिवसभर राहतो. नऊ-साडेनऊला धुकं फाटतं. अकराच्या उन्हात काठाजवळचं उथळ पाणी जरा कोमट होतं आणि मासे त्या उबेला येतात. माणसासारखेच. थंडीत जो तो उन्हाला येतो.

ही अक्कल अण्णांची. अण्णा म्हणजे माझे वडील. वीज मंडळात वायरमन होते. आमचं घर उत्रोलीत, पण माझ्या शाळेची बरीच वर्षं त्यांची नेमणूक वेल्ह्याला होती. पार पासलीपर्यंतच्या खांबांवर चढायचे, शनिवारी रात्री घरी यायचे, अंगाला तारांचा आणि घामाचा वास. त्यांच्या हाफिसातल्या एका साहेबांना गळानं मासे धरायची हौस होती. साहेब निवृत्त झाले तेव्हा त्यांनी आपली एक काठी आणि लहानसं रीळ अण्णांना दिलं. तेव्हापासून हिवाळ्यातले रविवार पाण्याचे झाले.

आमच्याकडं मासे धरायचे तर जाळं, नाही तर बांबूला जाडजूड तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, बांधून हिसका द्यायचा. अण्णांना ते पटायचं नाही. त्यांचा तंगूस केसासारखा. उन्हात धरला तरच दिसायचा. "जाड दोरीनं काय, कुणीबी मासा वढील," ते म्हणायचे. "बारीक दोरीनं आणाय त्येचं मन वळखाय लागतं."

सिद्धूला हे कधी जमलं नाही. त्याला नको होतं, ही त्याची चूक नव्हे. तो पाण्यात दगड मारायचा, भूक लागली म्हणायचा, सायकल घेऊन पसार व्हायचा. शिकले मी. कणकेत शेंगदाण्याची पेंड आणि चिमूटभर हिंग घालून गोळी मळायची, ती इतकी घट्ट की पाण्यात विरघळू नये आणि इतकी मऊ की माशाला संशय येऊ नये. गाठ आवळण्याआधी तंगूस जिभेवर ओला करायचा, नाही तर घासून जळतो आणि ऐन वेळी तिथंच तुटतो. काठी मनगटानं फेकायची, खांद्यानं नाही. आणि मासा लागला की ओढायचं नाही. हे सगळ्यात अवघड. सगळं अंग म्हणतं ओढ, आणि मागून अण्णा हळू आवाजात म्हणत असतात, "सोड. जाऊ दे त्येला. अजून सोड." रिळाची कळ सैल ठेवायची, दोरी चर्र करत जाते, बोटाला चटका बसतो. तो थकला की दोन वेटोळी आपली. पुन्हा पळाला की पुन्हा द्यायची.

त्या रविवारांइतकी सुखी मी नंतर फारशी झाले नाही. हे लिहितानाही राग येतो, कारण ते सुख ज्यानं दिलं त्यानंच ते नासवलं.

आणखी एक सांगायला हवं. अण्णा विहारात बोलायचे. पौर्णिमेला, जयंतीला त्यांचं भाषण ठरलेलं. शर्टाला इस्त्री करून उभे राहायचे आणि सांगायचे, पोरगी आणि पोरगा येगळं मानायचं आसंल तर हितं वंदनेला बसू नका. बायका टाळ्या वाजवायच्या. मी पहिल्या ओळीत बसून वाजवायचे. मला वाटायचं, हा माणूस बोलतो ते मी रविवारी पाण्यावर बघते. माझ्या बापासारखा बाप तालुक्यात नाही.

मी वीस वर्षांची होते त्या हिवाळ्यात पुण्याच्या काही हौशी लोकांनी धरणावर पहिली स्पर्धा ठेवली. अण्णांनी माझं आणि सिद्धूचं, दोघांचंही नाव दिलं. आम्ही तिघं एका दुधाच्या टेम्पोतून गेलो. मी आईनं विणलेला निळा स्वेटर घातला होता. काठावर पन्नास-साठ माणसं होती, सगळे पुरुष. कुणी हसलं नाही, फक्त बघत होते, बाजारात नवीन म्हैस आली की बघतात तसं.

अकरा वाजून गेल्यावर माझी दोरी जरा सैल पडली. हिसका नाही, ओढ नाही, नुसती सैल. म्हणजे मासा गोळी तोंडात घेऊन काठाकडं येत होता. मी उचलली आणि काठी वाकली ती पार मुठीपर्यंत.

पाऊण तास. पहिल्यांदा तो सरळ आत पळाला आणि रिळावरची दोरी संपत आली. रिळाचा तळ मला दिसला. मी काठानं पळत गेले, चिखलात एक चप्पल गेली, ती तशीच. नाक वाहत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता. मागं अण्णा. "सोड. घाई नगं. त्येला वाटू दे सुटला." लोक गोळा झाले. एकदा तो वर आला, तांबूस कूस उन्हात चमकली, आणि सगळ्या काठावरून एकच आवाज निघाला. मग पुन्हा खाली. शेवटी तो आडवा होऊन आला, दमलेला, आणि अण्णांनी गुडघाभर पाण्यात उतरून त्याला हातजाळ्यात घेतलं. साडेसात किलोचा रोहू. केसाएवढ्या दोरीवर. अण्णांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं, हेही मला माहीत आहे. त्याचं काय करायचं ते अजून कळत नाही.

सिद्धू त्या वेळी रस्त्याकडंच्या गाड्यावर भजी खात होता.

वजन झालं. अण्णा टेबलापाशी गेले, बराच वेळ बोलत राहिले. मग भोंग्यावरून पहिला नंबर पुकारला. सिद्धार्थ. मला वाटलं, चुकलं. मी पुढं गेले. टेबलावरच्या एका चष्मेवाल्या माणसालाही तसंच वाटलं असावं, कारण तो म्हणाला, "पण काठी तर या मुलीच्या हातात होती ना?"

अण्णा हसले. "काठी पोराचीच हो. त्यो जरा भजी खायला गेल्ता, तवर हिनं धरून ठेवली व्हती."

मी तोंड उघडलं. अण्णांनी माझं मनगट धरलं, रीळ धरतात तसं हलकं नाही, घट्ट. "गप ऱ्हा," ते ओठ न हलवता म्हणाले. "घरी सांगतो."

सिद्धूच्या बोटांना भज्यांचं तेल होतं. त्याच बोटांनी त्यानं माझा मासा उचलला आणि फोटोला उभा राहिला. त्याला वजन पेलेना म्हणून शेपटीकडून मी हात लावला. ते कोपर म्हणजे तेच. आणि पन्नास-साठ माणसं, ज्यांनी पाऊण तास मला बघितलं होतं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकही बोलला नाही. मला अण्णांइतकाच त्यांचा राग येतो. चष्मेवाल्यानं निदान एक प्रश्न विचारला. बाकीच्यांना तेवढंही जड झालं.

परत येताना टेम्पोत अण्णांनी सांगितलं. गुरुवारी मला बघायला पाहुणे येणार होते, सारोळ्याकडचे. पेपरात फोटो आला, पोरगी पुरुषांत उभी राहून मासे धरते असं कळलं, तर जमत आलेलं फिसकटेल. "तुज्यासाटीच केलं," ते म्हणाले. सिद्धू बक्षिसाची ढाल मांडीवर घेऊन बाहेर बघत होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. थंडीनं की कशानं, मी विचारलं नाही.

घरी आईनं कालवण केलं. आळीतली माणसं येऊन सिद्धूच्या पाठीवर थाप मारून गेली. माशाचं डोकं त्याच्या ताटात वाढलं. आणि मी जेवले. ताट ढकलून उठायला हवं होतं, पण दिवसभर पोटात काही नव्हतं आणि वास फार चांगला येत होता. मी माझाच मासा त्याच्या नावानं खाल्ला. स्वतःचा राग येतो तो याचा.

गुरुवारी पाहुणे आले, पोहे खाऊन गेले. चार दिवसांनी निरोप आला, मुलगी फारच गप्प वाटली, आमच्याकडं बोलकी माणसं लागतात.

हे मी कुणाला सांगितलं की लोक हसतात. मीही सांगताना हसते. पण तो निरोप आला त्या दुपारी मी घरामागं जाऊन तंगूसाचं सबंध रीळ विळ्यानं कापून टाकलं होतं, बोटबोटभर तुकडे करून, आणि ते तुकडे मी गोळा करत असताना अण्णांनी मला बघितलं होतं. पुढच्या रविवारी ते एकटे गेले.

लग्न झालं ते भोरातच. नवरा एसटीच्या वर्कशॉपला. सासूबाईंना मासे म्हणजे जीव की प्राण. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत बोलता बोलता माझ्या तोंडून गेलं की मला गळ टाकता येतो. मी मनातून भ्याले. त्या म्हणाल्या, "आगं मंग बसलीयास काय? बाजारातला मासा चार दिसाचा आस्तो!" त्याच आठवड्यात त्यांनी नवऱ्याला पुण्याला पिटाळून काठी आणवली. म्हणजे ज्या घरात मी शेवटी गेले, तिथं तो फोटो भिंतीवर लागला असता. कोणत्या भीतीपायी माझा मासा गेला? जी आलीच नाही तिच्या.

तर फ्लेक्स बघितला त्या संध्याकाळी मी उत्रोलीला गेले. आई आता नाही. अण्णा एकटेच अंगणात शेकोटीजवळ बसले होते, गुडघ्यावर घोंगडी. वय झालंय. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. मी चहा केला, दिला, आणि मग विचारलं.

"स्टँडवरचा फ्लेक्स बघितला का?"

"बघितला. चांगला काडलाय."

"अण्णा, तो मासा कुणाचा?"

ते चहा फुंकत राहिले. "आता काय त्येचं. झालं ते झालं. सोडून दे."

"सिद्धूला सांगा तो फोटो काढून टाकायला."

"त्येचं इलेक्शन हाय. आत्ता लोकांत नाव निगालंय. घरातलं माणूस पाय वडतंय व्हय?"

"विहारात भाषणं कोण करायचं? पोरगा-पोरगी येगळं मानू नका म्हणून?"

तेव्हा त्यांनी वर बघितलं. आणि अगदी सरळ, जराही न लाजता, पाढा म्हणावा तसं म्हणाले, "भाषण येगळं. पोरीचं लगीन येगळं."

मला वाटलं होतं, ते कुठं तरी आतून जळत असतील. इतकी वर्षं मी त्यांच्यासाठी तेवढी जागा ठेवली होती. तिथं काहीच नव्हतं. त्यांनी हिशेब केव्हाच मिटवला होता. आणि "सोडून दे" म्हणे. मासेमारीत सोडायचं ते मासा हातचा जाऊ नये म्हणून. त्याला दोरी द्यायची, गळ काढून द्यायचा नाही. हे मला त्यांनीच शिकवलं आणि तेच मला सांगत होते की सोड. लोक रागावलेल्या बाईला हेच सांगतात. विसर, मोठ्या मनाची हो, भाऊ आहे. वीस वर्षांनी राग शिळा होतो असं त्यांना वाटतं. होत नाही. वापरला नाही की उलट तसाच राहतो, नवाकोरा.

रविवारी मी काठी घेऊन धरणावर गेले. मांडव घातला होता, खुर्च्या, सिद्धूची माणसं, पुढच्या रांगेत शाल घालून अण्णा. धुकं नुकतंच उठत होतं. उद्घाटन म्हणजे सिद्धूनं पहिला गळ टाकायचा. त्याच्या हातात कुणी तरी नवीकोरी महागडी काठी दिली. त्यानं ती खांद्यानं फेकली, जोर लावून, क्रिकेटचा चेंडू फेकल्यासारखी. गळ पाच हातांवर पडला आणि रिळावर तंगूसाचा हा एवढा गुंता झाला, सुगरणीच्या खोप्यासारखा. फोटोवाले थांबले. सिद्धूनं दोन धागे ओढले, ते आणखी आवळले. घाम आला त्याला, त्या थंडीत. मग त्यानं गर्दीत मला बघितलं आणि लहानपणचा चेहरा करून काठी माझ्याकडं केली.

"तायडे, जरा सोडव की."

"सोडवत नाही," मी म्हटलं.

त्याला वाटलं ऐकू आलं नाही. "आगं लोकं थांबलीत."

"तुला बादशहा म्हणतात ना? मग तूच सोडव." आवाज माझा मलाच ओळखू आला नाही, इतका मोठा होता. "कोपऱ्यातल्या फोटोतला रोहू मी धरला होता. पाऊण तास लागला. हा भजी खात होता. अण्णांना विचारा, समोरच बसलेत."

कुणी तरी हसलं. सिद्धू जवळ येऊन दातांतून म्हणाला, "तमाशा करू नको, ताई. घरी बोलू."

"घरी बोलून झालं. वीस वर्षं."

सगळ्यांनी अण्णांकडं बघितलं. मीही. मला एक शब्द हवा होता. व्हय. एवढाच. अण्णांनी शाल सारखी केली, चालायच्या काठीवर जोर देऊन उठले, आणि कुणाकडं न बघता सावकाश चालत सिद्धूच्या जीपमध्ये जाऊन बसले. दार लावून घेतलं. संयोजकांपैकी एक जण माइक हातात घेऊन म्हणाला, "चला, वेळ होतोय, पुढचा कार्यक्रम." आणि कार्यक्रम पुढं गेलाही. जग काही थांबलं नाही. सिद्धूची माणसं चाकूनं गुंता कापत बसली.

मी नोंदणीच्या टेबलापाशी गेले. तिथल्या पोरगेल्या माणसानं मघाचं सगळं ऐकलं होतं. तो माझ्याकडं बघेना. नाव विचारलं, सांगितलं. लिहिताना त्यानं आधी 'सौ.' लिहिलं.

"ते खोडा," मी म्हटलं.

त्यानं खोडलं.

दिवसभर मी काठावर उभी होते. अकराचं ऊन आलं, बाराचं आलं. गोळी बदलली, जागा बदलली. हात जड पडत होता, मला कळत होतं. गळ पाण्यावर आदळत होता आणि मासे लांब जात होते. रागानं मासा येत नाही, हे खरं आहे. पण त्या दिवशी मला रागच हवा होता, मासा नाही मिळाला तरी चालणार होतं. पलीकडच्या वाडीतल्या दोन बायका धुणं तसंच ठेवून माझ्याजवळ येऊन बसल्या.

चारला भोंग्यावरून निकाल वाचायला सुरुवात झाली. सगळ्यांची नावं, पुढं ज्याच्या त्याच्या माशांचं वजन. सुपे गावचा कुणी पहिला आला. यादी खाली खाली येत गेली. अगदी शेवटी, घाईघाईनं, कागद घडी घालता घालता,

"सुजाता गायकवाड. शून्य."

मांडवातून हशा आला.

"ऐकू आलं नाही," मी काठावरून ओरडले. "परत सांगा."

त्यांनी परत सांगितलं.